पोस्टग्रेस अपग्रेड केल्यावर क्वेरी मंदावल्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी रात्री डेटाबेसचं मेजर व्हर्जन बदललं, टेस्ट सगळ्या पास झाल्या, आणि सोमवारी ऑफिसं उघडल्यावर ‘सिस्टीम हँग होतेय’ असे फोन सुरू झाले. हे पान अशा सोमवारसाठी आहे. मुख्य भर पोस्टग्रेसवर आहे, कारण हे प्रश्न तिथे सर्वात जास्त येतात. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय.

अपग्रेडनंतर सगळंच हळू झालंय. पहिलं काम कोणतं?

संपूर्ण डेटाबेसवर ॲनालाइझ चालवा, म्हणजे कोणत्या कॉलममध्ये काय भरलंय याची आकडेवारी (स्टॅट्स) गोळा करणारी कमांड. आत्ता, हे पान पुढे वाचायच्या आधी. पोस्टग्रेससोबत येणारी व्हॅक्यूमडीबी ही कमांड ‘ऑल’ आणि ‘ॲनालाइझ-इन-स्टेजेस’ हे पर्याय देऊन चालवली की ती तीन फेऱ्यांत काम करते. पहिल्या फेरीत अगदी ढोबळ आकडेवारी, दुसरीत जरा बरी, तिसरीत पूर्ण. पहिली फेरी लवकर उरकते आणि तेवढ्यानेच बऱ्याच क्वेरी शुद्धीवर येतात. सर्व्हरला कोअर भरपूर असतील तर ‘जॉब्स’ हा पर्याय देऊन एकाच वेळी अनेक टेबलं घेता येतात.

एक सावधगिरी. टप्प्याटप्प्याचा हा प्रकार आकडेवारी अजिबात नसेल तेव्हाच वापरावा. चांगली आकडेवारी आधीच असताना तो चालवला, तर पहिली फेरी तिच्या जागी ढोबळ आकडे लिहिते आणि प्लॅन (क्वेरी कोणत्या वाटेने चालवायची याचे आराखडे) काही काळ आणखी बिघडतात. तेव्हा साधा ‘ॲनालाइझ-ओन्ली’ बरा.

डेटा जसाच्या तसा आला, मग आकडेवारी कुठे गेली?

पीजी-अपग्रेड हे व्हर्जन बदलणारं टूल टेबलांच्या फायली उचलून नव्या सर्व्हरला देतं, पण प्लॅनरचे (क्वेरीचा प्लॅन ठरवणाऱ्या भागाचे) स्टॅट्स मागेच ठेवतं. १७ व्या व्हर्जनपर्यंत हे असंच होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या १८ पासून बहुतेक स्टॅट्स सोबत येतात. तरी ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ने बनवलेले एक्स्टेंडेड स्टॅट्स तेव्हाही येत नाहीत, ते पुन्हा गोळा करावे लागतात. १८ च्या व्हॅक्यूमडीबीमध्ये ‘मिसिंग-स्टॅट्स-ओन्ली’ असा पर्याय आहे, तो जिथे आकडेवारी नाही तेवढंच भरून काढतो.

स्टॅट्स नसताना प्लॅनर काय करतो ते एकदा नीट समजून घेतलं की पुढची निम्मी डोकेदुखी टळते. टेबल किती मोठं आहे हे त्याला फाइलच्या आकारावरून बऱ्यापैकी कळतं. कॉलममध्ये काय भरलंय हे मात्र काहीच कळत नाही. मग तो ठोकताळ्यावर जातो: कॉलममध्ये २०० वेगवेगळ्या किमती असाव्यात असं धरतो, म्हणजे ‘बरोबर’च्या अटीला ओळींचा दोनशेवा हिस्सा, अर्धा टक्का. ‘पेक्षा मोठं’, ‘पेक्षा लहान’ अशा अटीला एक तृतीयांश.

समजा एका दूध संघाच्या संकलनाच्या टेबलात एक कोटी नोंदी आहेत आणि त्यातल्या ३० लाख कोल्हापूर जिल्ह्याच्या. ‘जिल्हा = कोल्हापूर’ या अटीला प्लॅनर ५० हजार ओळी धरून बसतो. त्या हिशोबाने दुसऱ्या टेबलाशी जोडताना तो नेस्टेड लूप (प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या टेबलात शोधणं) निवडतो, आणि जे काम हॅश जॉइनने (एक टेबल मेमरीत मांडून दुसरं त्याच्याशी जुळवणं) काही सेकंदांत व्हायचं ते ३० लाख वेळा इंडेक्समध्ये डोकावत बसतं. पंगतीला किती पानं बसणार हे न विचारता आचाऱ्याने भात टाकावा, तसा हा कारभार.

प्रायमरी कीने एकच ओळ शोधणाऱ्या क्वेरी मात्र या काळातही झटकन चालतात. युनिक इंडेक्स आहे म्हणजे एकच ओळ मिळणार, हे प्लॅनरला स्टॅट्सविना कळतं. ‘लॉगिन होतंय, एंट्री होतेय, फक्त रिपोर्ट अडकतोय’ अशी तक्रार आली की पहिला संशय स्टॅट्सवरच घ्यावा.

ऑटोव्हॅक्यूम चालू आहे. ते स्वतःहून करेल ना?

पडद्यामागे टेबलांची साफसफाई आणि ॲनालाइझ करणारं हे काम आहे. करेल, पण त्याच्या सवडीने. डिफॉल्टप्रमाणे टेबलातल्या सुमारे १० टक्के ओळी अधिक ५० इतके बदल झाल्याशिवाय ते त्या टेबलाला ॲनालाइझ लावत नाही, आणि अपग्रेडनंतर बदलांची मोजणी शून्यापासून सुरू होते. एक कोटीच्या टेबलात दहा लाख बदल व्हायला किती दिवस लागतील ते तुमचं तुम्हीच मोजा. गेल्या पाच वर्षांच्या जुन्या व्यवहारांचं टेबल असेल तर तो दिवस कधीच उजाडणार नाही.

पार्टिशन केलेल्या (तुकड्यांत विभागलेल्या) टेबलांचं आणखी वेगळं. ऑटोव्हॅक्यूम प्रत्येक पार्टिशनला ॲनालाइझ करतं, वरच्या मूळ टेबलाला करत नाही. ते हातानेच चालवावं लागतं, आणि अपग्रेडपुरतं नाही, अधूनमधून.

दिवसा, लोड असताना ॲनालाइझ चालवलं तर चालेल?

चालेल. वाचणं-लिहिणं त्याने अडत नाही. डिस्कवर थोडा ताण येतो इतकंच. डिफॉल्ट सेटिंगला प्रत्येक टेबलातून ३० हजार ओळींचा नमुना घेतला जातो, सगळं टेबल वाचलं जात नाही.

ॲमेझॉन आरडीएससारख्या मॅनेज्ड सेवेवर आहोत. तिथे हे सगळं आपोआप होत असेल?

गृहीत धरू नका. मेजर अपग्रेडनंतर ॲनालाइझ चालवा असं आरडीएसच्या कागदपत्रांतच लिहिलेलं आहे. शिवाय स्नॅपशॉटवरून नवा सर्व्हर उभा केला असेल तर डिस्कचा प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना मागच्या साठवणीतून येतो, त्यामुळे पहिली वाचणी फार संथ असते. हे दुखणं वेगळं आहे, ॲनालाइझने जात नाही. मोठी टेबलं एकदा पूर्ण वाचून घेणं हाच उपाय.

ॲनालाइझ झालं. बरंचसं सुधारलं, पण काही क्वेरी अजून रखडतात. कोणत्या, ते कसं शोधू?

फोनवर जो सर्वात मोठ्याने बोलतो त्याची क्वेरी सर्वात दोषी असतेच असं नाही. पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्स हे प्रत्येक क्वेरी किती वेळा चालली आणि किती वेळ लागला ते मोजणारं एक्स्टेन्शन लावून एकूण वेळेच्या उतरत्या क्रमाने यादी काढा. एकदा चालून ४० सेकंद घेणाऱ्या रिपोर्टपेक्षा ४० मिलिसेकंदांची पण मिनिटाला हजारो वेळा चालणारी क्वेरी सर्व्हरला जास्त दमवते. १२ किंवा त्याआधीच्या व्हर्जनवरून आला असाल तर जुने मॉनिटरिंग डॅशबोर्ड इथे रिकामे दिसतील: एकूण वेळेच्या कॉलमचं नाव १३ मध्ये बदललं. अपग्रेडनंतर एक्स्टेन्शनचंही व्हर्जन ‘ऑल्टर एक्स्टेन्शन’ने वर न्यावं लागतं, हे हमखास राहून जातं.

आत्ता या क्षणी काय अडकलंय हे बघायला पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी. त्यात क्वेरी लॉकची वाट बघतेय असं दिसलं तर प्लॅन तपासण्यात वेळ घालवू नका, लॉक कोणी धरलाय ते शोधा.

एक्सप्लेनचा आउटपुट वाचताना नजर कशावर ठेवायची?

‘एक्सप्लेन’ (क्वेरीचा प्लॅन दाखवणारी कमांड) नुसता नको, ‘ॲनालाइझ’ (हा एक्सप्लेनचा पर्याय, आकडेवारी गोळा करणारा ॲनालाइझ नव्हे) आणि ‘बफर्स’ जोडून चालवा. (१८ पासून ॲनालाइझ म्हटलं की बफर्स आपोआप येतं.) यात क्वेरी खरोखर चालते. अपडेट किंवा डिलीट तपासत असाल तर आधी ‘बिगिन’, नंतर ‘रोलबॅक’. हे विसरून कोणाचा तरी डेटा गेल्याच्या कथा प्रत्येक टीममध्ये असतात.

लोक वरची एकूण वेळ बघतात आणि सर्वात मोठ्या ‘सिक्वेन्शियल स्कॅन’वर बोट ठेवतात. सिक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे टेबल सरसकट वाचणं, हा गुन्हा नाही. टेबलाचा मोठा हिस्सा लागणार असेल तर तोच स्वस्त पडतो. खरी जागा दुसरीकडे असते: प्रत्येक नोडवर (प्लॅनमधल्या पायरीवर) प्लॅनरने धरलेल्या ओळी आणि प्रत्यक्षात आलेल्या ओळी, हे दोन आकडे शेजारी ठेवा. सर्वात आतल्या नोडपासून वर येत जा. जिथे हे दोन आकडे पहिल्यांदा शंभर-हजार पटींनी फाटतात तिथे रोग आहे, त्याच्या वर दिसतं ते नुसतं लक्षण.

‘लूप्स’कडे दुर्लक्ष करू नका. ओळी आणि वेळ एका फेरीची सरासरी म्हणून छापलेली असते. नोडवर ०.०५ मिलिसेकंद दिसते आणि लूप्स ३० लाख असतात, म्हणजे अडीच मिनिटं तिथेच गेली.

‘बफर्स’मध्ये ‘रीड’ मोठं म्हणजे पानं पोस्टग्रेसच्या स्वतःच्या कॅशमध्ये नव्हती. ‘टेंप रिटन’ दिसलं तर सॉर्ट किंवा हॅश मेमरीत मावला नाही आणि डिस्कवर सांडला.

कॉन्फिगरेशन तर तेच आहे. मग असं का?

तेच आहे याची खात्री केलीय का? पीजी-अपग्रेड जुनी कॉन्फ फाइल नव्या सर्व्हरवर आणत नाही. ‘ऑल्टर सिस्टीम’ने केलेले बदल ज्या ऑटो फाइलमध्ये असतात तीही आणत नाही. (रोलवर किंवा डेटाबेसवर लावलेली सेटिंग मात्र येतात.) मग ६४ जीबी रॅमच्या यंत्रावर शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसची कॅश) १२८ एमबी आणि वर्क मेम (सॉर्ट आणि हॅशसाठीची मेमरी) ४ एमबी अशा कारखान्यातून आलेल्या सेटिंगवर सर्व्हर बिचारा धावत असतो. रँडम पेज कॉस्टही (विखुरलेली पानं वाचायला प्लॅनर धरतो ती किंमत) पुन्हा ४ वर आलेली असते. हा आकडा फिरत्या तबकडीच्या डिस्कसाठी ठरवलेला आहे. एसएसडीवर बरेच जण १.१ ठेवतात. तो ४ झाला की प्लॅनरला इंडेक्स महाग वाटू लागतो आणि तो टेबल सरसकट वाचायला घेतो.

दोन्ही सर्व्हरवरून पीजी-सेटिंग्ज व्ह्यू काढा आणि फरक बघा. पाच मिनिटांचं काम आहे. ॲनालाइझनंतर सर्वाधिक वेळा कारण सापडतं ते इथेच.

नव्या व्हर्जनमध्ये प्लॅनरच बदलला असेल तर?

शक्य आहे. एका उडीत चार-पाच व्हर्जनं ओलांडली असतील तर जास्तच. नेहमी आडवे येणारे बदल हे:

१२ व्या व्हर्जनपासून (२०१९) ‘वुइथ’ने लिहिलेली उपक्वेरी एकदाच वापरलेली, रिकर्सिव्ह नसलेली आणि साइड इफेक्ट नसलेली असेल, तर प्लॅनर ती मुख्य क्वेरीत मिसळून टाकतो. बहुतेकांना याचा फायदाच झाला. पण ‘वुइथ’चा कुंपणासारखा वापर करून ज्यांनी क्वेरी मुद्दाम बांधून ठेवल्या होत्या, त्यांचं कुंपण रातोरात गेलं. तिथे ‘मटीरियलाइज्ड’ हा शब्द घातला की जुनं वागणं परत येतं.

त्याच व्हर्जनपासून जेआयटी डिफॉल्टने चालू झालं. प्लॅनची किंमत एक लाखाच्या वर गेली की क्वेरीचे काही भाग मशीन कोडमध्ये कंपाइल होतात. मोठ्या विश्लेषणाच्या क्वेरीला ते मानवतं. पण पार्टिशनं भरपूर असली की साध्या क्वेरीची किंमतही कागदावर फुगते, आणि २० मिलिसेकंदांच्या कामासाठी सेकंदभर कंपाइल चालतं. एक्सप्लेनच्या तळाला जेआयटीची वेळ छापलेली असते, ती वाचा. छोट्या-छोट्या व्यवहारांच्या सिस्टीमवर जेआयटी बंद ठेवावं असं माझं सरळ मत आहे.

१३ पासून (२०२०) हॅश ॲग्रिगेट (‘ग्रुप बाय’चे गट मेमरीत बनवणारा नोड) मेमरीची मर्यादा पाळतो. आधी अंदाज चुकला तरी तो रॅम खात राहायचा, त्यामुळे क्वेरी वेगाने व्हायची आणि कधीतरी सर्व्हर कोसळायचा. आता तो डिस्कवर सांडतो. म्हणजे हा मंदपणा खरं तर शिस्तीचा आहे. वर्क मेम वाढवा किंवा हॅश मेम मल्टिप्लायर (हॅशला वर्क मेमच्या किती पट मेमरी द्यायची तो आकडा) वर न्या (१५ पासून तो डिफॉल्टने २ आहे). वर्क मेम सर्व्हरभर वाढवू नका. ती प्रत्येक क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट आणि हॅशला वेगळी मिळते, दोनशे कनेक्शनांवर गुणाकार करून बघा. रिपोर्टसाठी वेगळा रोल करा आणि फक्त त्याला द्या.

१४ मध्ये ‘मेमोइझ’ नावाचा, आधी शोधलेली उत्तरं आठवणीत ठेवणारा नोड आला. वेगवेगळ्या किमती किती आहेत हा अंदाज चुकला की तो अंगलट येतो. संशय असेल तर त्या सेशनपुरता तो बंद करून फरक बघा.

सेशनमध्ये नेस्टेड लूप किंवा मेमोइझ बंद करणं ही तपासणी आहे, उपचार नाही. कॉन्फ फाइलमध्ये नेस्टेड लूप कायमचा बंद करून ठेवलेले सर्व्हर सापडतात. तिथल्या छोट्या क्वेरींचे हाल कोणी मोजलेले नसतात.

स्टॅट्स ताजे, सेटिंग बरोबर, तरी ओळींचा अंदाज चुकतो. आता?

दोन कॉलम एकमेकांशी बांधलेले आहेत का बघा. ‘जिल्हा = कोल्हापूर आणि तालुका = करवीर’ अशी अट घातली की प्लॅनर दोन्ही शक्यतांचा गुणाकार करतो, जणू करवीर तालुका कुठल्याही जिल्ह्यात असू शकतो. आपल्याला ठाऊक आहे की तालुका सांगितला की जिल्हा आलाच. प्लॅनरला ते सांगावं लागतं: ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ने या दोन कॉलमांवर ‘डिपेंडन्सीज’ प्रकारचे स्टॅट्स बनवा आणि मग ॲनालाइझ चालवा. नुसतं बनवून ॲनालाइझ न करणं ही नेहमीची चूक. पिनकोड आणि शहर, गाडीची कंपनी आणि मॉडेल, शाखा आणि आयएफएससी कोड, अशा जोड्या आपल्या प्रत्येक सिस्टीममध्ये असतात.

काही मोजक्या किमतींचंच राज्य असलेला कॉलम असेल तर त्याचा स्टॅटिस्टिक्स टार्गेट १०० वरून ५०० किंवा १००० करून बघा. फक्त त्या कॉलमचा, सगळ्यांचा नको.

नवा इंडेक्स टाकून मोकळं होऊ का? की सर्व्हरच मोठा घेऊ?

गेल्या आठवड्यात हीच क्वेरी याच इंडेक्सवर, याच यंत्रावर धावत होती. इंडेक्स कमी पडला असता तर तेव्हाही पडला असता. अपग्रेडच्या आठवड्यात घाईने टाकलेले इंडेक्स पुढे कोणी काढत नाही, आणि प्रत्येक इन्सर्ट त्यांचं भाडं भरत राहतो. मोठ्या सर्व्हरचंही तेच. चुकीचा प्लॅन दुप्पट कोअरवर थोडा लवकर चुकतो. अंदाज बरोबर येऊनही क्वेरी हळू असेल, तेव्हा इंडेक्सचा विचार करा, आणि तोही ‘कन्करंटली’ बांधा, नाहीतर बांधकाम चालू असताना लिहिणारे सगळे खोळंबतात.

जुने बी-ट्री (नेहमीच्या प्रकारचे) इंडेक्स एकदा नव्याने बांधण्यात मात्र अर्थ आहे. १३ पासून पुनरावृत्त किमती एकत्र साठवल्या जातात आणि इंडेक्स लहान होतो. पीजी-अपग्रेडने आलेल्या जुन्या इंडेक्सला हा लाभ रीइंडेक्स केल्यावरच मिळतो.

सकाळी तासभर हळू होतं, मग आपोआप ठीक झालं. काळजी करावी का?

नाही. रीस्टार्टनंतर कॅश रिकामी असते. दर वेळी त्रास होत असेल तर कॅश आधीच भरून ठेवणारं पीजी-प्रीवॉर्म लावा. मायनर अपडेटनंतर, म्हणजे १६.३ वरून १६.४ असं गेल्यावर, जाणवणारा मंदपणा बहुतेकदा इतकाच असतो. त्यात स्टॅट्सला धक्का लागत नाही.

डेटाबेससोबत लिनक्सही नवं घेतलं. त्याने काही फरक?

वेगापेक्षा गंभीर फरक पडू शकतो. २०१८ मध्ये आलेल्या जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ ने अक्षरांच्या क्रमवारीचे नियम बदलले. डेबियन ९ वरून १०, रेड हॅट ७ वरून ८, किंवा उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर जाताना ही रेघ ओलांडली जाते. मजकुराच्या कॉलमांवरचे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेले आणि शोध नव्या क्रमाने, अशी गत होते. खातेदार टेबलात आहे, पण नावाने शोधलं की सापडत नाही. युनिक कॉलममध्ये तीच किंमत दोनदा घुसते. सी कोलेशन किंवा आयसीयू (क्रमवारीसाठी जीलिबसीवर अवलंबून नसलेले पर्याय) वापरत नसाल तर मजकुरावरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करा, मग वेगाचं बघू.

डेटाबेस तसाच आहे, फक्त आमचं ॲप आणि त्याची फ्रेमवर्क बदलली.

मग क्वेरी तीच आहे का ते आधी तपासा. ओआरएमच्या (ॲपच्या कोडवरून आपोआप क्वेरी बनवणाऱ्या लायब्ररीच्या) नव्या व्हर्जनने एका जॉइनऐवजी प्रत्येक ओळीमागे वेगळी क्वेरी मारायला सुरुवात केली असेल, तर पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्समध्ये ‘कॉल्स’चा आकडा आभाळाला भिडलेला दिसेल. दुसरं हमखास कारण म्हणजे टाइप. बिगइंट कॉलमशी ड्रायव्हर न्यूमेरिक पॅरामीटर पाठवू लागला की पोस्टग्रेस कॉलमलाच न्यूमेरिक करून घेतं आणि इंडेक्स बाजूला पडतो.

तीच क्वेरी माझ्या टूलमध्ये झटकन चालते, ॲपमधून मात्र अडकते. कसं?

टूलमध्ये तुम्ही किंमत थेट लिहिता, ॲप प्रिपेअर्ड स्टेटमेंट (क्वेरीचा साचा, ज्यात किंमत नंतर भरली जाते) वापरतं. पहिल्या पाच वेळा पोस्टग्रेस प्रत्येक किमतीसाठी वेगळा प्लॅन करतं, नंतर सर्वांसाठी एकच जेनेरिक प्लॅन स्वस्त वाटला तर तो धरून ठेवतं. छोट्या जिल्ह्याला चालणारा प्लॅन मोठ्याला चालत नाही. ‘प्लॅन कॅश मोड’ला ‘फोर्स कस्टम प्लॅन’ देऊन बघा.

मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर गेलो. तिथे काय बघू?

क्वेरी कॅश ८.० मध्ये काढूनच टाकली आहे. तिच्या जिवावर चालणारी पानं आता खरी वेळ दाखवतात. दुसरं, नव्या टेबलांचा डिफॉल्ट कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ झाला, जुनी टेबलं जुन्यावरच राहिली. दोघांचा मजकुराच्या कॉलमवर जॉइन केला की जुन्या बाजूचा इंडेक्स वापरता येत नाही. ‘ग्रुप बाय’ने आपोआप क्रम लागणंही बंद झालंय, पण तो वेगाचा मुद्दा नव्हे. ८.०.१८ पासून इथेही एक्सप्लेन ॲनालाइझ मिळतं.

आणि एसक्यूएल सर्व्हर?

तिथे सोय चांगली आहे. नव्या सर्व्हरवर डेटाबेस रिस्टोअर केला तरी त्याची कंपॅटिबिलिटी लेव्हल (कोणत्या व्हर्जनसारखं वागायचं ती सेटिंग) जुनीच राहू शकते. क्वेरी स्टोअर (क्वेरींचे प्लॅन आणि वेळ नोंदवून ठेवणारी सोय) चालू करा, जुन्या लेव्हलवर काही दिवस नेहमीचं काम होऊ द्या, मग लेव्हल वाढवा. जी क्वेरी बिघडेल तिला जुना प्लॅन सक्तीने लावता येतो. पोस्टग्रेसमध्ये हे उपजत मिळत नाही, हिंट (अमुक प्लॅन घे अशी सूचना) द्यायलाही पीजी-हिंट-प्लॅन हे वेगळं एक्स्टेन्शन लागतं.

सरळ जुन्या व्हर्जनवर परत जाऊ का?

‘लिंक’ मोडने अपग्रेड केलं असेल आणि नवा सर्व्हर एकदा सुरू झाला असेल, तर जुना सुरू करू नका. फायली दोघांच्या सामाईक आहेत, डेटा खराब होईल. कॉपी मोड असेल तर जाता येतं, पण सोमवारपासूनच्या नोंदी नव्या बाजूलाच राहतात, त्या हाताने आणाव्या लागतील. मंद क्वेरीसाठी एवढं करण्याची वेळ क्वचितच येते.

पुढच्या अपग्रेडआधी काय करून ठेवू?

ॲनालाइझ हा अपग्रेडच्या वेळापत्रकातलाच भाग धरा, आणि निदान पहिली फेरी पूर्ण झाल्याशिवाय ॲप सुरू करू नका. जुन्या सर्व्हरवर ऑटो-एक्सप्लेन (क्वेरींचे प्लॅन आपोआप लॉगमध्ये लिहिणारं मॉड्यूल) लावून महत्त्वाच्या क्वेरींचे प्लॅन जपून ठेवा. नंतर तुलनेला दुसरं काही नसतं, कारण पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्सचे जुने आकडे नव्या सर्व्हरवर येत नाहीत. सराव प्रॉडक्शनच्या खऱ्या प्रतीवर करा. दहा हजार ओळींच्या टेस्ट डेटाबेसवर सगळेच प्लॅन चांगले दिसतात. आणि महिनाअखेरीचे, तिमाहीचे रिपोर्टही त्या प्रतीवर एकदा चालवून घ्या. ते रोजच्या वापरात दिसत नाहीत आणि ३१ तारखेला संध्याकाळी अडकतात.